ओघळाचा इतिहास

शाळेच्या चित्रकलेत ओघळ हा दोष मानला जातो. एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाला हे आठवत असेल. ब्रशात पाणी थोडे जास्त झाले, कागद थोडा तिरका धरला गेला, की रंग रेषेबाहेर धावतो आणि मग फडके शोधण्याची धांदल उडते. पदार्थविज्ञानाच्या माणसाला मात्र ओघळाबद्दल आपुलकी वाटते. रंग खाली का आला, किती वेगाने आला, मध्येच का थांबला, या प्रश्नांची उत्तरे गुरुत्वाकर्षण, श्यानता आणि पृष्ठताण या तीन गोष्टींत दडलेली असतात.

काही काळापूर्वी दादरच्या एका शाळेत विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमासाठी गेलो होतो. मधल्या सुट्टीत चित्रकलेच्या बाईंनी एक मोठे पुस्तक आणले आणि त्यातले एक चित्र मुलांसमोर धरले. काळ्या, पांढऱ्या, तपकिरी रंगांच्या असंख्य धारा एकमेकींवरून गेलेल्या, कुठे जाड, कुठे केसासारख्या बारीक. ना झाड, ना माणूस. चित्रकार अमेरिकेचा जॅक्सन पोलॉक, साल १९५०. मुले क्षणभर गप्प राहिली. मग नववीतला एक मुलगा म्हणाला, "सर, आमच्या चाळीत रंगारी काम करून गेले, की जमीन अशीच दिसते."

सगळे हसले. बाईही हसल्या. मला मात्र ते बोलणे हसण्यावारी नेता येईना, कारण मुलगा एका बाबतीत अगदी बरोबर होता. पोलॉकने वापरलेला रंग चित्रकाराच्या दुकानातला नव्हताच, तो बहुतांशी घरांच्या दारांना आणि खिडक्यांना लावण्याचा तयार इनॅमल रंग होता. लालबागच्या चाळीतला रंगारी ज्याला "ऑइलपेंट" म्हणतो, त्याच कुळातला. मग पुढचा प्रश्न आपोआप येतो, आणि त्या मुलाने तो विचारलाही: "मग त्यात आणि आमच्या जमिनीत फरक काय?" रंग तोच, गुरुत्वाकर्षण तेच. फरक असेल तर तो मोजता यायला हवा. मोजता येत नसेल तर आपण केवळ मोठ्या नावाला मान देतो आहोत, असे म्हणायची तयारी ठेवावी लागेल. त्या दिवशी घंटा झाली आणि उत्तर अर्धवट राहिले. ते पुरे करण्यासाठी रंगाच्या डब्यापासून सुरुवात करावी लागते.

जवस आणि इनॅमल

कोणत्याही रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगद्रव्याची बारीक पूड आणि तिला पृष्ठभागावर धरून ठेवणारा बंधक. जोडीला रंग पातळ राहावा म्हणून एखादा विद्रावक. पूड लाल आहे की निळी, यापेक्षा बंधक कोणता आहे यावर चित्रकाराला काय करता येईल हे जास्त अवलंबून असते. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट फार थोड्या जागेत उरकलेली असते, अशी माझी तक्रार आहे.

युरोपातल्या तैलरंगांचा बंधक म्हणजे जवसाचे तेल. आपण जवसाची चटणी खातो, तेच जवस. या तेलाच्या रेणूंत दुहेरी बंध भरपूर असतात. हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि काही दिवसांनी पातळ तेलाचा घट्ट पापुद्रा बनतो. म्हणजे तैलरंग "वाळतो" तेव्हा त्यातून काही उडून जाण्यापेक्षा त्यात काहीतरी येत असते; सुरुवातीच्या दिवसांत त्याचे वजन वाढते. काचेच्या एका पट्टीवर जवसाच्या तेलाचा आणि दुसरीवर शेंगदाण्याच्या तेलाचा अगदी पातळ थर लावून आठ-पंधरा दिवस झाकून न ठेवता पाहावे. शेंगदाण्याचे तेल तेलच राहते. वर्गात करण्यासारखा हा प्रयोग आहे, फक्त धीर हवा.

तैलरंगाची ही सावकाशी चित्रकाराला सोयीचीही असते आणि अडचणीचीही. घरमालकाला आणि कारखानदाराला मात्र ती परवडत नाही. १९२० च्या दशकात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत रॉय किएन्ले यांनी तेलांतली मेदाम्ले, अल्कोहोले आणि आम्ले यांच्या संयोगातून एक नवा बंधक बनवला. अल्कोहोल आणि ॲसिड या दोन शब्दांच्या तुकड्यांतून त्याला अल्किड हे नाव मिळाले. हा रंग काही तासांत हाताला लागेनासा होतो, चकाकतो आणि डब्यातून सरळ वाहतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत तो अमेरिकेतल्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्वस्तात मिळू लागला होता.

आपल्याकडे काय चालले होते? युद्धामुळे परदेशी रंगांची आयात बंद पडली होती आणि बाजारात मोठी पोकळी निर्माण झाली होती. १ फेब्रुवारी १९४२ रोजी गिरगावातल्या गायवाडीत एका गॅरेजमध्ये चंपकलाल चोक्सी, चिमणलाल चोक्सी, सूर्यकांत दाणी आणि अरविंद वकील या चौघा मित्रांनी रंगाचा उद्योग सुरू केला. तीच पुढची एशियन पेंट्स. १९५४ मध्ये आर. के. लक्ष्मण यांनी त्या कंपनीसाठी रंगाचा डबा आणि ब्रश घेतलेला खोडकर गट्टू काढला, आणि तो कित्येक वर्षे दुकानांच्या पाट्यांवर दिसत राहिला. गट्टूच्या कपाळावर केसांची बट आहे हे बहुतेकांना आठवते. त्याच्या डब्यात काय होते याची चौकशी सहसा कोणी करत नाही.

त्याच गिरगावात, त्याच काळात, एका चाळीत वासुदेव सं. गायतोंडे नावाचा तरुण राहत होता. जन्म १९२४ सालचा, नागपूरचा, घराणे गोव्याकडचे. १९४८ मध्ये त्याने जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. पुढे भारतीय अमूर्त चित्रकलेतले हे सर्वांत मोठे नाव ठरले. गॅरेजमधले चौघे आणि चाळीतला चित्रकार यांची कधी गाठ पडली असेल असे मला सुचवायचे नाही. पण विसाव्या शतकाच्या मध्याला चित्रकलेत जे घडले त्याची दोन टोके, रंगाची रसायनविद्या आणि आकृती सोडून दिलेली चित्रकला, गिरगावातल्या थोड्याशा अंतरात एकाच वेळी वाढत होती, हे मात्र खरे. गायतोंड्यांकडे आपण पुन्हा येऊ.

हवेतली रेषा

पोलॉकने ओघळाचा शोध लावला असे म्हटले जाते, ते तितकेसे बरोबर नाही. १९३६ मध्ये मेक्सिकोचे भित्तिचित्रकार दाव्हिद अल्फारो सिकेरोस यांनी न्यूयॉर्कमध्ये एक प्रयोगशाळाच काढली होती. मोटारींना मारण्याचा नायट्रोसेल्युलोजचा रंग ओतणे, उडवणे, एका रंगावर दुसरा जड रंग सोडून काय होते ते पाहणे, असे उद्योग तिथे चालत. चोवीस वर्षांचा पोलॉक त्यात होता. पुढे लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्ज या गावी राहायला गेल्यावर, १९४७ च्या सुमारास, त्याने कॅनव्हास भिंतीवरून काढून जमिनीवर पसरला आणि काठी किंवा कडक झालेला ब्रश डब्यात बुडवून वरून रंग सोडायला सुरुवात केली. ब्रश कॅनव्हासला टेकेनासा झाला. अशा पद्धतीची त्याची प्रमुख चित्रे १९५० पर्यंतची आहेत. त्यांपैकी 'ऑटम ऱ्हिदम' हे १९५० चे चित्र सव्वापाच मीटरांहून थोडे अधिक लांब आहे. आपल्याकडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात ते पसरताच आले नसते.

चित्र जमिनीवर, माणूस चहूबाजूंनी फिरणारा, वरून पडणाऱ्या द्रव्याची रेषा. हे वाचताना मराठी वाचकाला रांगोळी आठवली नाही तरच नवल! अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या वाळूच्या चित्रांचा उल्लेख पोलॉकने स्वतःच केला होता. रांगोळी त्याने पाहिली असण्याचे कारण नाही. गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेच्या वाटेवर रांगोळी काढणाऱ्या मुलींचे हात बघा. चिमटीतून पूड जवळजवळ सारख्या गतीने पडते, म्हणून हात सावकाश गेला की रेषा जाड, झपकन गेला की बारीक. कोरड्या कणांचा हा एक छान गुण आहे: वाळूच्या घड्याळात वर वाळू कितीही असो, भोकातून बाहेर पडण्याचा वेग जवळपास तोच राहतो. द्रवाचे तसे नसते. पाण्याची टाकी भरलेली असताना नळाला जोर असतो, रिकामी होत आली की तो कमी होतो. शिवाय पूड पडली तिथे राहते, द्रव पसरतो. तेव्हा रंगाने रांगोळी काढणे जास्त अवघड आहे, हे पहिल्यांदा लक्षात घ्यावे.

आता काठीवरून सुटलेल्या रंगाच्या धारेचे काय होते ते पाहू. चिकटपणाचा विचार क्षणभर बाजूला ठेवला तर अर्ध्या मीटरवरून पडणारी वस्तू सुमारे ०.३२ सेकंदात खाली येते आणि पोचताना तिचा वेग सेकंदाला सुमारे ३.१ मीटर होतो. धारेच्या प्रत्येक छेदातून दर सेकंदाला तेवढाच रंग जायला हवा; म्हणून वेग चौपट झाला की छेदाचे क्षेत्रफळ पाव होते आणि व्यास निम्मा. नळाची धार खाली निमुळती होते ती याच कारणाने. म्हणजे हात किती उंच आहे याने रेषेची जाडी बदलते.

दुसरी गोष्ट पृष्ठताणाची. पाण्यासारख्या पातळ द्रवाची बारीक धार फार काळ धार राहत नाही. पृष्ठताण तिला आवळत जातो आणि तिचे थेंब होतात. द्रव दाट असेल तर ही तुटण्याची क्रिया लांबते, आणि तेवढ्या वेळात धार जमिनीवर पोचून रेषा उमटते. त्या मुलाच्या चाळीतल्या जमिनीवर मुख्यतः थेंब होते, पोलॉकच्या कॅनव्हासवर मुख्यतः रेषा आहेत. पहिला फरक हा. त्याच्या पद्धतीला जगभर ठिबक चित्रकला म्हणतात, पण ठिबकणे म्हणजे थेंब थेंब पडणे. तो तर धार अखंड ठेवायची पराकाष्ठा करत होता.

तिसरी गोष्ट सर्वांत मजेची आहे. चमच्यातून मध किंवा काकवी ताटलीत सोडा. धार ताटलीला टेकते तिथे ती सरळ उभी राहत नाही, दोरीसारखी गोल गोल वेटोळी घालू लागते. दाट द्रवाच्या धारेला खालून अडथळा झाला की ती वाकते, आणि वाकून वाकून गोल फिरते. आता चमचा तसाच धरून ताटली एका दिशेने सरकवा. सावकाश सरकवली तर वेटोळ्यांची साखळी उमटते, थोडी भरभर सरकवली तर नागमोड, आणि पुरेशा वेगाने सरकवली तर सरळ रेषा. म्हणजे वाळलेल्या रेषेकडे पाहून हात किती वेगाने गेला असेल याचा अंदाज बांधता येतो. रेषेत वेग नोंदला गेलेला असतो. जिलबी करणाऱ्याला ही सर्व विद्या हाताने येते, सूत्राची गरज पडत नाही.

२०११ मध्ये आंजेय हर्चिन्स्की, कला-इतिहासाचे अभ्यासक क्लोद सेर्नुस्की आणि हार्वर्डमधले लक्ष्मीनारायणन महादेवन यांनी पोलॉकच्या चित्रांकडे या दृष्टीने पाहिले. २०१९ मध्ये रॉबेर्तो सेनित यांच्या गटाने आणखी पुढची पायरी गाठली. हान्स नामुथ यांनी १९५० मध्ये पोलॉकचे काम चालू असतानाची फिल्म घेतली होती. या गटाने त्या फिल्मवरून हाताचा वेग आणि उंची मोजली, प्रयोगशाळेत तशाच दाटपणाच्या रंगाच्या धारा सोडल्या आणि दोन्हींची तुलना केली. निष्कर्ष असा की पोलॉकचा हात वेटोळी टाळण्याइतक्या वेगाने आणि तशाच उंचीवरून फिरत होता. दाटपणा, उंची, वेग, तिन्ही एकमेकांशी जुळलेले. ही गणिते त्याने केली नव्हती. त्याने वर्षानुवर्षे रंग सांडला होता.

ॲक्रिलिक कुठून आले

आज कुठल्याही दुकानात "ओतून चित्र" काढण्यासाठी जो रंग देतात तो ॲक्रिलिक. त्यामुळे पोलॉकही ॲक्रिलिकने रंगवत असे, असा समज सहज होतो. पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक चित्रकारांच्या हाती पडायला १९५५ उजाडले, आणि पोलॉक ११ ऑगस्ट १९५६ रोजी मोटार अपघातात गेला. १९४८ सालचे म्हणून कोणी पाण्याच्या ॲक्रिलिकमधले ठिबक चित्र दाखवले तर खिसा सांभाळावा!

ॲक्रिलिकची कथा चित्रकलेपासून फार दूर सुरू होते. जर्मनीतल्या ट्युबिंगन विद्यापीठात ऑटो र्‍योम यांनी १९०१ मध्ये ॲक्रिलिक आम्लापासून मिळणाऱ्या बहुवारिकांवर, म्हणजे पॉलिमरवर, प्रबंध लिहिला. त्याचा लगेच उपयोग झाला नाही. १९०७ मध्ये त्यांनी ओटो हास यांच्याबरोबर कंपनी काढली ती कातडी कमावण्याच्या एका विकरासाठी. त्याआधी त्या कामाला कुत्र्याची विष्ठा वापरत. तेव्हा हा शोध कारखान्यांच्या शेजाऱ्यांनाही आवडला असणार. बहुवारिकांकडे र्‍योम पुन्हा वळले आणि १९३३ मध्ये प्लेक्सिग्लास हे काचेसारखे पारदर्शक प्लॅस्टिक आले. युद्धात ते विमानांच्या खिडक्यांना लागले. युद्ध संपले आणि कारखान्यांना नवे गिऱ्हाईक हवे झाले. न्यूयॉर्कमध्ये लेनर्ड बोकूर आणि सॅम गोल्डन यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस टर्पेंटाइनसारख्या विद्रावकात विरघळवलेले ॲक्रिलिक रंग चित्रकारांसाठी बनवले. मॉरिस लुईसने तेच रंग कॅनव्हासवर ओतून आपली चित्रे केली. १९५३ मध्ये रोम अँड हास कंपनीने घरांच्या भिंतींसाठी पाण्यातले ॲक्रिलिक पायस, म्हणजे इमल्शन, बाजारात आणले. त्याच जातीचे पायस वापरून हेन्री लेव्हिसन यांनी १९५५ मध्ये चित्रकारांसाठी लिक्विटेक्स रंग काढले. म्हणजे इथेही भिंत आधी, चित्र मागून.

पायस म्हणजे काय हे फेव्हिकॉलने दाखवता येते. मुंबईत १९५९ पासून बनत असलेला हा गोंद ॲक्रिलिक नव्हे, पण तोही पाण्यात तरंगणाऱ्या बहुवारिकाच्या कणांचाच बनलेला. ॲक्रिलिक पायसातला एक कण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढा असतो. ओला फेव्हिकॉल दुधासारखा पांढरा दिसतो, कारण हे कण प्रकाश इकडेतिकडे विखुरतात. पाणी उडाले की कण जवळ येतात, दबतात, एकमेकांत मिसळतात आणि सलग पापुद्रा होतो. विखुरायला काही उरत नाही, पापुद्रा पारदर्शक दिसतो. म्हणूनच ॲक्रिलिक रंग ओला असताना फिकट आणि वाळल्यावर गडद वाटतो. इथे ऑक्सिजनची वाट पाहावी लागत नाही, पाणी गेले की काम झाले. मार्च महिन्यात पातळ थर अर्ध्या तासात वाळेल. जुलैत, मुंबईची हवा पाण्याने भरलेली असताना, तोच थर बराच रेंगाळेल. इथे पावसाळा हादेखील चित्राच्या कृतीतला एक घटक असतो.

मुंबईतले तीन हात

या रंगांचे मुंबईच्या चित्रकारांनी काय केले? सर्वांनी ओघळच काढले असे नाही, आणि काढायला हवे होते असेही नाही.

प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांचे उदाहरण मला विशेष वाटते. जे. जे. मधून बाहेर पडल्यावर ते विणकर सेवा केंद्रात काम करत होते. त्यांची अनेक प्रसिद्ध चित्रे कॅनव्हासवर इनॅमल रंगाने केलेली आहेत. म्हणजे पोलॉकच्याच कुळातला रंग. पण त्यांनी त्याचा नेमका उलटा गुण वापरला. इनॅमलमध्ये ब्रशच्या खुणा थोड्या वेळात आपोआप सपाट होतात: पृष्ठताण उंचवटे खाली ओढतो आणि रंग घट्ट होण्याआधी त्याला तेवढा अवधी मिळतो. पोलॉकने त्या वाहण्यातून हाताचा वेग दाखवला, बरव्यांनी त्याच वाहण्यातून हाताची खूण पुसली. पान, घड्याळ, शंख या वस्तू त्यांच्या चित्रात शांत, अलिप्त पडलेल्या असतात. त्यांचे 'कोरा कॅनव्हास' हे १९९० चे पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असावे असे मला वाटते; चित्रकार कसा विचार करतो हे मराठीत इतक्या सरळपणे फार थोड्यांनी लिहिले आहे.

प्रभाकर कोलते यांनी १९७२ ते १९९४ जे. जे. मध्ये शिकवले. त्यांच्या ॲक्रिलिक चित्रांत एका रंगाचा मोठा, भरीव विस्तार असतो आणि त्याच्या फटींतून खालचे थर डोकावतात. हे थरांवर थर देणे लवकर वाळणाऱ्या रंगात फार सोपे होते. तैलरंगात खालचा थर ओला राहिला तर वरचा त्यात मिसळून चिखल व्हायचा धोका.

आणि गायतोंडे. १९६४ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, अमेरिकेतली अमूर्त चित्रकला जिथे बहरली होती त्या शहरात. पण परत आले ते लवकर वाळणारा रंग घेऊन नव्हे. ते तैलरंगातच राहिले. रोलरने रंग पसरायचा, सुरीने तो काढायचा, वर्तमानपत्राचे फाडलेले तुकडे ठेवून रंग उचलायचा किंवा उमटवायचा. या सगळ्याला रंग बराच वेळ ओला असावा लागतो. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पुरी होत. जवसाच्या तेलाची जी सावकाशी कारखानदाराला अडचण वाटली, ती त्यांच्या कामाचा आधार होती. आपल्या चित्रांना अमूर्त म्हटलेले त्यांना रुचत नसे. १९७२ मध्ये ते दिल्लीला गेले, २००१ मध्ये वारले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होमी भाभांच्या वेळेपासून जमत गेलेल्या चित्रसंग्रहात गायतोंड्यांची चित्रे आहेत. भाभा स्वतः चित्रे काढत, हे आपल्याला सांगितले जाते. पण चालू काळातल्या तरुण चित्रकारांची चित्रे त्यांनी संशोधकांच्या रोजच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर लावली, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

खरे-खोटे

ओघळातून हात ओळखता येतो का, हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही, त्यात फार पैसा गुंतला आहे. १९९९ मध्ये रिचर्ड टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये मांडले की पोलॉकच्या चित्रांत फ्रॅक्टल रचना आहे. म्हणजे चित्रावर चौकोनांची जाळी ठेवायची, रंग असलेले चौकोन मोजायचे, मग जाळी बारीक बारीक करत पुन्हा मोजायचे. चौकोनांची संख्या एका ठरावीक घाताने वाढत गेली तर रचना फ्रॅक्टल. यावरून खरे-खोटे चित्र ओळखता येईल अशी आशा निर्माण झाली. २००६ मध्ये कॅथरिन जोन्स-स्मिथ आणि हर्ष माथुर यांनी 'नेचर'मध्येच हरकत घेतली. जाळीचा सर्वांत मोठा आणि सर्वांत बारीक चौकोन यांतले अंतर इतके थोडे आहे की त्यावरून फ्रॅक्टल म्हणणे कठीण. आणि त्यांनी शाळकरी मुलाने गिरवाव्यात तशा चांदण्या काढून त्या याच कसोटीवर उतरतात हे दाखवले. टेलर यांनी उत्तर दिले, वाद पुढे चालू राहिला. माझे मत माथुर यांच्या बाजूला झुकते. एकाच आकड्यात माणसाचा हात पकडता येईल यावर माझा विश्वास नाही.

रसायनविद्येने मात्र सरळ निकाल दिला. पोलॉकचे स्नेही हर्बर्ट मॅटर यांच्या मुलाला वडिलांच्या सामानात सापडलेली, पोलॉकची मानली गेलेली काही छोटी चित्रे २००५ मध्ये जाहीर झाली. हार्वर्डच्या संग्रहालयात त्यांपैकी तीन तपासली गेली. २००७ मध्ये आलेल्या अहवालानुसार त्यांत पोलॉकच्या हयातीत उपलब्धच नसलेले पदार्थ निघाले. एक लाल रंगद्रव्य तर १९८० च्या दशकात बाजारात आलेले. ओघळ कितीही हुबेहूब असो, डब्याला जन्मतारीख असते. उलट दिशेनेही हे ज्ञान उपयोगी पडते: २०२५ मध्ये पोलॉकच्या १९४८ सालच्या एका मोठ्या चित्रातला झगझगीत निळा रंग मँगॅनीज ब्ल्यू आहे हे संशोधकांनी लेझरच्या साहाय्याने नक्की केले. इतकी वर्षे भिंतीवर टांगलेल्या चित्रातला एक रंग कोणता हे आत्ता कळले!

जाता जाता मुंबईकरांसाठी एक सूचना. ॲक्रिलिकचा पापुद्रा सुमारे १० अंश सेल्सिअसच्या खाली कडक आणि ठिसूळ होतो, त्याच्या वर मऊ राहतो. मुंबईत तो बारमाही मऊच. त्यामुळे धूळ त्यावर नुसती बसत नाही, रुतते. एका तरुण चित्रकाराचे छोटे ॲक्रिलिक मी घेतले होते. घराला रंग काढायचा म्हणून चौकटवाल्याकडून ते प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून घेतले आणि मे महिनाभर कपाटावर ठेवले. उघडले तेव्हा प्लॅस्टिक चित्राला चिकटले होते. ओढल्यावर वरचा पिवळा रंग त्याच्याबरोबर निघून आला. बहुवारिकांवर व्याख्याने देणाऱ्या माणसाकडून हे व्हावे, याची खंत अजून आहे. ॲक्रिलिक चित्राला प्लॅस्टिक टेकू देऊ नये, आणि ती एकावर एक रचू नयेत.

दादरच्या त्या शाळेत मी पुन्हा गेलो, या वेळी काकवीची बाटली आणि चार ताटल्या घेऊन. मुलांनी ताटली सरकवून वेटोळी, नागमोड, रेषा असे तिन्ही प्रकार काढले. मग फुटपट्ट्या घेऊन थेंबांकडे वळलो. सरळ खाली पडलेला थेंब गोल उमटतो, तिरका आलेला लांबट; लांबट डागाची रुंदी भागिले लांबी हे थेंब जमिनीशी जो कोन करून आला त्याच्या साइनइतके असते, आणि शेपूट थेंब ज्या दिशेने चालला होता तिकडे वळलेले असते. चाळीतला तो नववीचा मुलगा ऐकत होता. आठवड्याने बाईंचा फोन आला. त्याने घरासमोरच्या गॅलरीतले रंगाचे डाग मोजून वहीत नकाशा काढला होता. कठड्याजवळ गोल डागांचा पुंजका होता, म्हणजे रंगाऱ्याची शिडी तिथे उभी असणार. आणि दाराच्या दिशेने शेपट्या केलेले सात लांबट डाग होते, ते कशाचे हे त्याला कळेना. शेवटी आजीने सांगितले: रंगाऱ्याला चहाला हाक मारली, तेव्हा त्याने वळताना ब्रश झटकला होता.